मूरांच्या नक्षीदार चामडी ढाली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पेनमधल्या मुसलमानी राजवटीचा विषय निघाला की बोलणं ग्रानादाच्या अल्हाम्ब्रा राजवाड्याच्या भिंतींवर आणि कॉर्दोबाच्या कमानींवर येऊन थांबतं. शस्त्रांची आवड असलेला वाचक तलवारींपाशी रेंगाळतो. ढालीबद्दल विचारणारे थोडे, पण ते खोदून खोदून विचारतात. त्यांचे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रमानंच वाचलं पाहिजे असं नाही.

मूर म्हणजे नक्की कोण?

एक जमात, एक वंश असं काही नाही. इ.स. ७११मध्ये उत्तर आफ्रिकेतून जी फौज स्पेनच्या किनाऱ्याला लागली तिच्यात अरब थोडे आणि बर्बर (उत्तर आफ्रिकेतले मूळ रहिवासी) पुष्कळ होते. पुढच्या शतकांत स्थानिक लोकही मोठ्या संख्येनं मुसलमान झाले. या सगळ्यांना युरोपातले लोक सरसकट मूर म्हणायचे. पोर्तुगीज हाच शब्द घेऊन हिंदुस्थानात आले आणि गोव्यात आदिलशाहीच्या माणसांनाही त्यांनी तोच लावला. या पानावर मूर म्हणजे अल-अंदालुस (स्पेन-पोर्तुगालचा मुसलमानी अमलाखालचा मुलूख) आणि समुद्रापलीकडचा मोरोक्को इथली माणसं. काळ साधारण १०व्या ते १५व्या शतकाचा.

ही ढाल दिसायची कशी?

दोन लंबगोल शेजारी ठेवून एकमेकांत थोडे सरकवले की जी आकृती होते, ती हिची. वर मधोमध एक खाच, खालीही मधोमध एक खाच. काही ढालींत खालची बाजू निमुळती होते आणि आकार पत्त्यातल्या बदामाच्या जवळ जातो. उंची साधारण पाऊण मीटर, म्हणजे घोड्यावर बसलेल्या माणसाचं खांद्यापासून मांडीपर्यंतचं अंग झाकण्याइतकी. सुरुवातीच्या चामडी ढाली गोलही असत. दुहेरी आकाराची ढाल १३व्या शतकातल्या स्पॅनिश हस्तलिखितांच्या चित्रांमध्ये मूर स्वारांच्या हातात दिसू लागते आणि १५व्या शतकापर्यंत ती त्यांची ओळख होऊन बसते.

अरबीत तिला दरका म्हणत. स्पॅनिश लोकांनी अरबीतलं 'अल' सकट ते नाव उचललं आणि ती आदार्गा झाली. पुढे सोयीसाठी हेच नाव वापरलं आहे.

ती कोणत्या चामड्याची असे? गाई-म्हशीच्या?

साध्या ढाली मिळेल त्या जाड कातड्याच्या बनत. नावाजलेली ढाल मात्र लम्त नावाच्या वाळवंटी प्राण्याच्या कातड्याची. हा प्राणी म्हणजे सहारातला ओरिक्स, तोही मागे वळलेल्या तलवारीसारख्या शिंगांचा पांढुरका हरीण, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याची शिकार करणारी लम्ता नावाची बर्बर टोळीच होती, आणि दक्षिण मोरोक्कोत वाळवंटाच्या तोंडाशी असलेलं नूल लम्ता हे गाव या ढालींसाठी प्रसिद्ध होतं. १२व्या शतकातला भूगोलकार अल-इद्रिसी या गावाच्या ढालींची तोंड भरून तारीफ करतो. मगरिबचे, म्हणजे वायव्य आफ्रिकेचे, लोक याच ढाली घेऊन लढतात, असंही तो सांगतो.

त्याच्या आधी, ११व्या शतकात, कॉर्दोबाचा अल-बक्री आणखी एक बारकावा नोंदवतो. सगळ्यात चांगली आणि महागडी ढाल म्हणे म्हाताऱ्या मादीच्या कातड्याची, जिची शिंगं वयानं इतकी लांबलेली असतात की नर तिच्याजवळ जाऊ शकत नाही. स्वतः अल-बक्री स्पेनबाहेर फारसा फिरला नव्हता; व्यापाऱ्यांकडून आणि जुन्या लेखी माहितीतून त्यानं हे जमवलं. तरीही गिऱ्हाईक ढाल घेताना 'कातडं कुठलं, कोणत्या जनावराचं' असं विचारत असणार, आणि विकणारा असलीच उत्तरं देत असणार, हे त्यातून छान दिसतं.

हा ओरिक्स पुढे बंदुका, जीपगाड्या आणि दुष्काळ यांच्या कचाट्यात सापडला. २००० साली तो मोकळ्या रानातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. बंदिस्त ठेवलेल्या कळपांतून वाढवलेले प्राणी २०१६पासून चाडमध्ये पुन्हा सोडले गेले, आता तिथे त्यांची पिल्लंही होत आहेत.

कातडं वर्षभर दुधात भिजवत, हे खरं का?

असं लिहिलेलं आहे, एवढं नक्की. १३व्या शतकातला याकूत आपल्या भूगोलकोशात लम्ता टोळीबद्दल सांगतो की हे लोक कातडं पूर्ण एक वर्ष दुधात मुरवतात, मग त्याच्या ढाली करतात, आणि धारदार तलवारीचा घावही त्यावरून उसळून परततो.

'वर्षभर' हा आकडा मी तरी शब्दशः घेणार नाही. पण दुधाची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. दुधातली चरबी आणि आंबटपणा कातड्याला मऊ ठेवतात. झाडाच्या सालीत पूर्ण कमावलेलं चामडं जोड्याला चांगलं, पण ढालीला कडकपणाही लागतो आणि थोडा लवचीकपणाही. अर्धवट कच्चं ठेवलेलं, स्निग्ध पदार्थ जिरवलेलं जाड कातडं हे दोन्ही देतं. पांढरा रंगही अशाच कातड्याला राहतो, आणि लम्ती ढाली पांढऱ्या असत असं जुने लेखक आवर्जून सांगतात.

चामडं तलवार अडवतं? लोखंड का नाही वापरलं?

अडवतं. एकच पदर नसे. दोन किंवा अधिक कातडी सरसानं चिकटवून, कडेनं शिवून एक जाड पत्रा तयार करत. घाव बसला की असं चामडं किंचित दबतं, धार आत घुसण्याऐवजी तिचा जोर पसरतो, आणि ढाल थोडी तिरपी धरली की पातं घसरून जातं. लाकडी ढालीत तलवार रुतून बसते, कधी ढाल फाटते. लोखंडी ढाल फुटत नाही, पण ती दिवसभर एका हातात पेलून घोडा पळवणं म्हणजे शिक्षा. शिवाय दक्षिण स्पेनच्या आणि मोरोक्कोच्या उन्हात लोखंड तापतं ते वेगळंच.

तिची पत काय होती याचा एक चांगला दाखला १६व्या शतकातला आहे. ग्रानादात जन्मलेला आणि मोरोक्कोतल्या फेझमध्ये वाढलेला अल-हसन अल-वझ्झान, ज्याला युरोप लिओ आफ्रिकानस म्हणून ओळखतो, तो लिहितो की या जनावराच्या कातड्याच्या ढालींना बंदुकीच्या गोळीखेरीज काही भेदू शकत नाही. मात्र त्या फार महाग पडतात. फेझच्या बाजारात वावरलेल्या माणसाचं हे म्हणणं आहे, त्यामुळे किंमतीबद्दल तरी त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

नक्षी असायची ती कुठे? समोरून तर बऱ्याच ढाली साध्याच दिसतात.

हा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांनी फोटो नीट बघितले आहेत. आदार्गाची खरी श्रीमंती आतल्या बाजूला असते.

माद्रिदच्या राजवाड्याच्या शस्त्रागारात आणि व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये १५व्या शतकाच्या उत्तरार्धातल्या, ग्रानादाच्या नस्रिद (तिथलं शेवटचं मुसलमानी राजघराणं) कारागिरीच्या ढाली आहेत. समोरून बघितलं तर फिकट रंगाचं चामडं, कडेची शिवण, ठरावीक जागी गोंडे. मागून बघितलं की कळतं कारागीर कुठे रमला होता. जिथे मूठ येते त्या जागेभोवती रेशमाचं आणि कलाबतूचं भरतकाम. वेलबुट्टी, एकमेकींत गुंतत जाणाऱ्या पट्ट्यांची भौमितिक जाळी, मधेमधे अक्षरपट्टी. हाताची बोटं जिथे टेकतात तिथे गादी, आणि गादीवरही टाके. अल्हाम्ब्राच्या गिलाव्यात जे आकार दिसतात तेच इथे सुईदोऱ्यानं उतरले आहेत. ग्रानादा आणि अल्मेरिया रेशमाची गावं होती. भरतकाम करणाऱ्यांची तिथे वाण नव्हती.

आत का? याची दोन कारणं मला पटतात. पहिलं साधं आहे: बाहेरची बाजू घाव खायची. तिथे रेशीम लावणं म्हणजे पैसे पाण्यात. दुसरं कारण स्वाराच्या दिवसाशी जोडलेलं आहे. लढाईचे तास मोजके. बाकी वेळ ढाल पाठीवर नाहीतर खोगिराला टांगलेली असते, दरबारात किंवा मिरवणुकीत हातात असते, तंबूत उलटी पडलेली असते. या सगळ्या वेळी आतली बाजू मालकाला दिसते आणि त्याच्या बरोबरीच्यांना दिसते. शत्रूला काय दाखवायचं यापेक्षा आपल्या माणसांत आपण कसे शोभतो, याची काळजी इथे जास्त दिसते.

गोंडे फक्त शोभेचे?

पूर्ण नाही. आतली मूठ आणि पट्टे दोऱ्यांनी ढालीला बांधलेले असत. त्या दोऱ्या चामड्यातून आरपार समोर येत आणि तिथे त्यांची टोकं गोंड्यांत संपत. म्हणजे समोरच्या गोंड्यांची जागा बघून आत मूठ कुठे आहे ते बहुतेक वेळा ओळखता येतं. घोडा दौडायला लागला की हे गोंडे हलायचे, आणि चित्रकारांना ते फार आवडलेले दिसतात: ढाल बोटभर काढली असली तरी गोंडे सुटलेले नाहीत.

ढालीवर काय लिहिलेलं असे?

नस्रिद घराण्याचं ब्रीद होतं 'वला गालिब इल्ला अल्लाह', म्हणजे अल्लाहवाचून विजयी कोणी नाही. अल्हाम्ब्राच्या भिंतींवर ते इतक्या वेळा येतं की दुसऱ्या दालनापर्यंत अरबी न येणाऱ्यालाही त्याची वळणं ओळखू येऊ लागतात. ग्रानादाच्या दरबारी कापडांवर आणि शस्त्रांवर हेच ब्रीद, तशीच बरकतीची, यशाची, आयुष्याची मागणी करणारे छोटे शब्द असतात.

प्रत्येक शिपायाकडे अशी ढाल असे का?

छे. आज काचेमागे आहेत त्या राजेरजवाड्यांच्या. साध्या स्वाराची ढाल साधीच असणार: चामडं, शिवण, पट्टे, फार तर चार गोंडे. आपल्याकडच्या संग्रहालयांत सोन्याचं कोफ्तगारी काम केलेल्या तलवारी बघून सगळे शिलेदार असेच फिरत असतील असं वाटतं, त्यातलाच हा प्रकार. जे नेमानं वापरलं गेलं ते झिजून, कुजून गेलं. जे जपून ठेवलं ते उरलं, आणि जपलं जातं ते देखणं असतं म्हणूनच.

संख्येनं मात्र या ढाली भरपूर होत्या. १०व्या शतकाच्या अखेरीस मोरोक्कोतल्या झनाता नावाच्या बर्बर टोळीचा सरदार झीरी इब्न अतिया यानं कॉर्दोबाचा सर्वेसर्वा अल-मन्सूर याला जो नजराणा पाठवला त्यात घोडे, सांडण्या आणि अजब प्राण्यांबरोबर लम्तच्या एक हजार ढाली होत्या, असं मोरोक्कोच्या बखरींत आहे. बखरीतला गोल आकडा आहे, हे लक्षात ठेवून वाचावं. पण नजराण्यात घोड्यांच्या पंगतीला ढाल बसते, यातून तिचा मान कळतो.

घोड्यावर ती वापरत कशी?

यासाठी आधी घोडेस्वारीची पद्धत समजून घ्यावी लागते. फ्रेंच किंवा कॅस्टिलियन (स्पेनमधल्या कॅस्टिल या ख्रिश्चन राज्याचा) सरदार लांब रिकिबीत पाय ताठ ठेवून, जड चिलखत घालून, जड भाला काखेत दाबून सरळ चालून जायचा. झनाता बर्बर स्वार आखूड रिकिबीत गुडघे वाकवून बसायचा. हलका घोडा, फेकायचे भाले, हलकी तलवार. जवळ यायचं, भाला फेकायचा, वळायचं, पळायचं, शत्रू पाठलागाला लागून पांगला की पुन्हा उलटायचं. आपल्याकडे गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

अशा लढाईत ढाल एका बाजूची नसते. चालून जाताना ती डाव्या हाताला, पळताना पाठीवर, वळताना घोड्याच्या पुठ्ठ्याकडे. ती हलकी हवी आणि हाताला पकडून असली तरी त्याच हातात लगाम मावायला हवा. मूठ आणि गादीची रचना यासाठीच आहे. मधल्या रेषेवर ती किंचित दुमडते, त्यामुळे अंगाला चिकटून बसते.

या झनाता स्वारांवरूनच स्पॅनिश भाषेत घोडेस्वाराला हिनेते म्हणू लागले आणि या बैठकीला हिनेता पद्धत.

एखाद्या मोठ्या लढाईत या ढालींचा उल्लेख येतो का?

येतो, आणि त्यात हिंदुस्थानचाही धागा आहे. २३ ऑक्टोबर १०८६ रोजी बादाहोसजवळ झल्लाकाची लढाई झाली. एका बाजूला कॅस्टिलचा राजा सहावा आल्फोन्सो, दुसऱ्या बाजूला सहारातून उठलेल्या अल्मोराविद सत्तेचा अमीर युसुफ इब्न ताशफीन. दिवस कलताना युसुफनं आपली राखीव हबशी तुकडी पायउतार करून लढाईत घातली. अरबी इतिहासकार तिचा आकडा चार हजार देतात आणि तिची हत्यारंही सांगतात: लम्तच्या ढाली, हिंदी तलवारी आणि लाकडी दांड्यांचे फेकभाले. यातल्याच एकानं खंजीर घालून आल्फोन्सोची मांडी फोडली. राजा कसाबसा निसटला.

'हिंदी तलवार' हा अरबी लेखनात चांगल्या तलवारीसाठी ठरलेला शब्द होता, त्यामुळे ती चार हजार पाती खरोखर आपल्याकडून गेली असं समजू नये. पण दख्खनचं आणि दक्षिणेचं पोलाद अरब व्यापाऱ्यांच्या हातून पश्चिमेला जात होतं आणि त्याचा लौकिक स्पेनपर्यंत पोचला होता, हे खरं.

मूर कायम हीच ढाल वापरत होते का?

नाही, आणि हा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो. १३व्या शतकातला इब्न सईद लिहितो की अल-अंदालुसचे सरदार शेजारच्या ख्रिश्चनांसारखीच शस्त्रं, चिलखतं आणि ढाली वापरतात. शंभरेक वर्षांनी ग्रानादाचा वजीर आणि इतिहासकार इब्न अल-खतीब उलटं सांगतो: पूर्वी आमचे लोक लांब चिलखतं, जड ढाली, रुंद फाळांचे भाले वापरत, आता ते सोडून आखूड चिलखत, हलकं शिरस्त्राण, अरबी खोगीर, लम्तची ढाल आणि बारीक भाला घेतात.

मधे काय झालं? १२१२मध्ये लास नावास दे तोलोसाला मुसलमानी फौजेचा कणा मोडला. कॉर्दोबा १२३६मध्ये गेलं, सेविल १२४८मध्ये. उरलं ग्रानादाचं डोंगराळ राज्य. समोरासमोरच्या मोठ्या लढाया त्याला परवडणाऱ्या नव्हत्या. सरहद्दीवरच्या धाडी परवडत होत्या. मदतीला मोरोक्कोतून मरिनी सुलतानांचे झनाता स्वार येत, आणि त्यांची पद्धत डोंगरात उपयोगी पडत होती. ढाल बदलली ती अशी, गरजेपोटी.

ख्रिश्चनांनी ही ढाल घेतली का?

हात राखून नाही, अगदी मनापासून घेतली. ईशान्य स्पेनमधल्या आरागॉनच्या ख्रिश्चन राजांनी १३व्या शतकाच्या उत्तरार्धातच मुसलमान हिनेते पगारावर ठेवले होते. सरहद्दीवरच्या कॅस्टिलियन स्वारांनीही हीच बैठक, हीच ढाल उचलली. ग्रानादाच्या शेवटच्या युद्धात दोन्ही बाजूंना आदार्गा दिसते.

२ जानेवारी १४९२ रोजी ग्रानादा शरण गेलं. ढाल मात्र तिथे थांबली नाही. स्पेनच्या दरबारी 'कान्यास' नावाचा खेळ रुळला होता, तोही मूरांकडून आलेला: घोडेस्वारांच्या दोन टोळ्या समोरासमोर, हातात भाल्याऐवजी वेताच्या काठ्या, अंगावर बहुतेक वेळा मूरी थाटाचे झगे, आणि अडवायला आदार्गा. आता ढालीच्या बाहेरच्या बाजूवरही कुलचिन्हं, ब्रीदवाक्यं रंगू लागली, कारण आता समोर शत्रू नव्हता, सज्जात बसलेले प्रेक्षक होते. १६२३मध्ये इंग्लंडचा युवराज चार्ल्स लग्नाची बोलणी करायला माद्रिदला आला तेव्हा त्याच्यासाठी प्लासा मायोर या मुख्य चौकात हा खेळ झाला आणि राजा चौथा फिलिप स्वतः त्यात उतरला. ज्या मूरांचे वंशज याच देशातून १६०९ ते १६१४ या काळात हाकलून दिले, त्यांचेच कपडे, त्यांचीच बैठक, त्यांचीच ढाल. दहा वर्षंही उलटली नव्हती.

दरम्यान १६०५ साली सेर्व्हान्तेसनं आपला डॉन किहोते लोकांसमोर आणला. पहिल्याच वाक्यात त्या हिडाल्गोच्या (लहानशा खानदानी माणसाच्या) घरी भाला, जुनी आदार्गा, रोडका घोडा आणि शिकारी कुत्रा असल्याचं सांगितलं आहे. पणजोबांच्या काळची ढाल भिंतीवर आहे, एवढ्यावरून तेव्हाच्या वाचकाला हा माणूस कोणत्या घरातला ते कळत असे.

पिसांची ढाल ही काय भानगड आहे?

माद्रिदच्या राजेशाही शस्त्रागारातली ही वस्तू. मला विचाराल तर या सगळ्या विषयातली सर्वांत विलक्षण. आकार आदार्गाचा, अंग चामड्याचं. पण वरचं चित्र रंगानं काढलेलं नाही. ते पक्ष्यांच्या पिसांचं आहे. १६व्या शतकाच्या उत्तरार्धात मेक्सिकोतल्या मूळनिवासी पीसकाम कारागिरांनी, ज्यांना अमान्तेका म्हणत, ती दुसऱ्या फिलिपसाठी बनवली. बारीक कापलेली पिसं एकाशेजारी एक चिकटवून चित्र उभं करायचं ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची कला, स्पॅनिश लोक येण्याच्या आधीची. हमिंगबर्डच्या पिसाचा रंग रंगद्रव्याचा नसतो, पिसाच्या रचनेतून उजेड फुटून तो दिसतो. म्हणून ढाल हलवली की चित्रातला रंग बदलतो.

चित्रं चार आहेत: लास नावास दे तोलोसाची लढाई, ग्रानादाची शरणागती, सम्राट पाचव्या चार्ल्सची १५३५ची ट्युनिस मोहीम आणि १५७१ची लेपांतोची आरमारी लढाई. चारही ठिकाणी हरणारे मुसलमान. आणि हा पोवाडा लिहायला फलक कोणता, तर मूरांची ढाल. घडवणारे हात कोणाचे, तर अर्ध्या शतकापूर्वी स्पेननं जिंकलेल्या तिसऱ्याच लोकांचे. यातली खोच फिलिपच्या दरबारात कुणाला जाणवली असेल असं वाटत नाही.

अमेरिकेत ती लढाईतही वापरली गेली?

हो, आणि फार उशिरापर्यंत. मेक्सिकोच्या उत्तर सरहद्दीवर, आजच्या टेक्सास, न्यू मेक्सिको, ॲरिझोनाच्या पट्ट्यात, स्पॅनिश ठाण्यांवरचे घोडेस्वार अनेक पदरी चामड्याचा बिनबाह्यांचा अंगरखा घालत आणि हातात भाला व आदार्गा घेत. समोर बाण होते, तोफा नव्हत्या, म्हणून चामडं पुरेसं होतं. या ठाण्यांसाठी १७७२मध्ये निघालेल्या नियमावलीत शिपायाच्या शस्त्रांत तलवार, भाला, आदार्गा, बंदूक आणि पिस्तुलं यांची नोंद आहे.

आपल्या मराठा ढालींशी काही नातं?

थेट नातं नाही. गेंड्याच्या किंवा म्हशीच्या कातड्याची आपली ढाल गोल, घुमटासारखी फुगलेली, वर धातूच्या चार फुल्या. आदार्गा सपाट आणि दुहेरी. पण दोन्हीकडे चामड्याची निवड, हलक्या घोड्यावरची लढाई आणि आतली गादी हे सारखं आहे. आपल्या ढालीच्या चार फुल्या नुसत्या दागिना नाहीत. त्यांच्याखाली आतल्या कड्यांचे आणि पट्ट्यांचे खिळे बसवलेले असतात. आदार्गाचे गोंडे हेच काम दोऱ्यांनी करतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ढाली बघायला गेलात तर आतली बाजू दिसेल असा कोन शोधा. बऱ्याचदा ती दिसतच नाही, कारण ढाल भिंतीला टेकवलेली असते. मांडणी करणाऱ्यांनी एखादा आरसा मागे लावला तर किती बरं होईल.

मूळ ढाली इतक्या कमी का उरल्या?

चामडं आहे. ओल, कसर, उंदीर. त्यातून वाचली तर मोडून पट्टे, पखाली, जोड्यांचे तळ. ग्रानादा पडल्यावर कारागीर पांगले. बरेच उत्तर आफ्रिकेत गेले.

मग बघायचं कुठे?

माद्रिद आणि व्हिएन्ना ही दोन नावं आली आहेतच. पण ढाल वापरात कशी होती हे बघायचं तर चित्रं आणि कोरीवकाम बघा. तोलेदोच्या कॅथेड्रलमध्ये गायकवृंदाच्या बसायच्या लाकडी आसनांवर रोद्रिगो आलेमान यानं ग्रानादाच्या युद्धातले ५४ प्रसंग कोरले आहेत, १४८९ ते १४९५ या काळात, म्हणजे युद्ध चालू असतानाच काम सुरू झालं होतं. एल एस्कोरियालच्या लढायांच्या दालनात १४३१च्या इगेरुएलाच्या लढाईचं प्रचंड भित्तिचित्र आहे. ते १५८०च्या दशकात रंगवलं, पण १५व्या शतकातल्या जुन्या पटावरून, म्हणून त्यातले मूर स्वार अभ्यासकांना कामाचे वाटतात. अल्हाम्ब्राच्या राजांच्या दालनात मान वर करून बघाल तर छताची चित्रं १४व्या शतकाच्या उत्तरार्धातली आहेत आणि लाकडी घुमटावर ताणलेल्या चामड्यावर काढलेली आहेत. त्यातल्या एकात मूर स्वार ख्रिश्चन सरदाराला भाल्यानं पाडतो आहे.

बाजारात प्रतिकृती मिळतात, त्या घ्याव्यात का?

भिंतीवर लावायला खुशाल घ्या. मात्र बहुतेकांत प्लायवूडवर पातळ चामडं ताणलेलं असतं, सगळी नक्षी समोर छापलेली असते आणि मागे नुसता एक पट्टा. विकत घेण्याआधी ढाल उलटी करून बघा. मूठ दुहेरी आहे का, बोटांखाली गादी आहे का, दोऱ्या आरपार जाऊन समोर गोंड्यांशी जुळतात का, कडा दाबल्यावर किंचित तरी लवते का. हे चारही जमलेलं असेल तर बनवणाऱ्यानं मूळ ढाल निदान फोटोत तरी मागच्या बाजूनं बघितली आहे, आणि मग तो जास्त पैसे मागत असेल तर घासाघीस जपून करा.